चौदा सह्यांचा संच : प्रकल्प नोंदी

7 जुलै 2024

हाती लागेल ती सही घेत सुटायचं, हे आता पुरे. हॉलिवूडच्या जुन्या संगीतपटांतल्या नटनट्यांचे सही केलेले फोटो जमवता जमवता दोन फायली भरल्या. पण त्यात धागा म्हणून काही नाही. एक पान नाचणाऱ्याचं, पुढचं गाणारीचं, त्यापुढचं स्वस्तात मिळालं म्हणून घेतलेलं.

म्हणून आजपासून एकच चित्रपट. 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स', एमजीएम स्टुडिओ, 1954. याच महिन्यात त्याला सत्तर वर्षं होतात. सात भाऊ, सात नवऱ्या मुली, चौदा सह्या. अल्बममध्ये समोरासमोरच्या पानांवर जोडीजोडीने लावायच्या.

आपल्याकडे ही गोष्ट 'सत्ते पे सत्ता'मुळे (1982) घराघरांत ठाऊक आहे. तिथे भावांची नावं वारांवरून, रवीपासून शनीपर्यंत. मूळ चित्रपटात आईने इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने बायबलमधली नावं ठेवली आहेत : अॅडम, बेंजामिन, केलेब, डॅनियल, इफ्रेम, फ्रँक, गिडियन. 'एफ'वरून बायबलात माणसाचं नाव सापडेना, म्हणून त्या बिचाऱ्याला फ्रँकिन्सेन्स, म्हणजे चक्क धुपाचं नाव. कोणी पूर्ण नावाने हाक मारली की तो मुठी वळतो, त्यात नवल नाही.

नियम आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे पुढे मोह झाला तर दाखवायला बरे. सही फोटोवरच हवी. वहीच्या पानावरची, चेकवरची, कापून फोटोखाली चिकटवलेली चालणार नाही. छापील सही नाही. फोटो शक्यतो याच चित्रपटातला. एका सहीला माझ्या पेन्शनच्या ठरावीक हिश्शापलीकडे एक रुपया नाही. तो हिस्सा इथे लिहीत नाही, कारण ही वही घरात उघडी पडलेली असते.

11 जुलै

चौदा जणांची यादी केली आणि पहिल्याच रात्री अंदाज उलटापालटा झाला. मला वाटत होतं, नायक-नायिका महाग आणि अवघड, बाकीचे सोपे. आहे ते नेमकं उलट.

हॉवर्ड कील (अॅडम) आणि जेन पॉवेल (मिली) यांच्या सह्या बाजारात हव्या तेवढ्या. कील पुढे 'डलास' मालिकेत क्लेटन फार्लो झाला, ब्रिटनमध्ये कार्यक्रम करत हिंडला, 2004 मध्ये गेला. एवढ्या काळात माणूस किती सह्या करेल! पॉवेलबाई 2021 पर्यंत होत्या. दोघांचेही फोटो ठीकठाक हॉटेलातल्या दोघांच्या जेवणाच्या किमतीत मिळतात.

आणि मागच्या रांगेतल्या मुली? नॉर्मा डॉगेट, बेटी कार, नॅन्सी किलगस. या नाचायला आल्या, चित्रपटभर दिसल्या, आणि नंतर पडद्याला त्यांची फारशी गरज उरली नाही. पत्र लिहून सही मागणारा चाहता त्यांना फारसा लाभला नसणार. मागणी नाही म्हणून पुरवठा नाही, आणि पुरवठा नाही म्हणून एखादीच सही आली तरी विकणाऱ्याला भाव ठरवता येत नाही. कधी कवडीमोल, कधी अव्वाच्या सव्वा.

14 जुलै

चित्रपट पुन्हा पाहिला, या वेळी वही-पेन घेऊन आणि रिमोटचं थांबवायचं बटण बडवत. धान्याचं कोठार उभारतानाचा नाच अगदी सावकाश पाहिला.

कोरिओग्राफर मायकेल किड. डोंगरातले अडाणी लाकूडतोडे उगाच नाचू कसे लागतील, हा त्याचा प्रश्न होता. म्हणून त्याने कामातूनच नाच काढला. फळीवरून चालणं, लाकूड फोडणं, एकमेकांची खोड काढणं, यातूनच पाय उचलला जातो. दिग्दर्शक स्टॅन्ली डॉनन. एमजीएमची सगळी मदार त्या वर्षी 'ब्रिगॅडून' या दुसऱ्या संगीतपटावर होती, या चित्रपटाचे पैसे कापले गेले, म्हणून डोंगर आणि बर्फ स्टुडिओतच, रंगवलेल्या पडद्यांवर. ते कळतंच. चालतं. ऑस्करच्या शर्यतीत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन याला मिळालं आणि संगीत संयोजनाचं बक्षीस अॅडॉल्फ डॉइच आणि सॉल चॅप्लिन घेऊन गेले.

भावांपैकी खरे नर्तक चार : मॅट मॅटॉक्स, मार्क प्लॅट, जाक दाम्ब्वाज, टॉमी रॉल. रस टॅम्ब्लिन मूळचा जिम्नॅस्ट, म्हणून किडने त्याच्या वाट्याला कोलांट्या दिल्या. कील गायक. राहिला जेफ रिचर्ड्स (बेंजामिन). तो पूर्वी बेसबॉल खेळायचा, एमजीएमच्या पगारावर होता म्हणून घेतला. नाच येत नसल्याने उड्यांच्या वेळी तो बाजूला उभा किंवा मागे बसलेला. आणि त्याची जोडीदारीण म्हणून ज्युली न्यूमारही मागे, जी उत्तम शिकलेली नर्तिका होती! हे कळल्यावर तिच्यासाठी जीव चुटपुटतो.

नवऱ्या मुलींचे कपडे वॉल्टर प्लंकेटने जुन्या गोधड्यांमधून शिवून घेतले. हे ठाऊक झाल्यापासून मी फक्त झगे बघत बसते.

20 जुलै

एक अडचण आधी लक्षात आली नव्हती. प्रसिद्धीचे बहुतेक फोटो कृष्णधवल. चित्रपटात भाऊ ओळखायचे ते शर्टांच्या रंगावरून. त्यात सातही जणांचे केस तांबडे आणि सुरुवातीला तोंडभर दाढ्या. कृष्णधवल फोटोत सगळे एकाच मुशीतले. विकणारेही सर्रास चुकीची नावं लिहितात. 'डॅनियल' म्हणून लावलेला फोटो नीट पाहिला तर इफ्रेम निघतो.

म्हणून आधी स्वतःसाठी ओळखपत्रं करायची. प्रत्येकाची चित्रपटातली थांबवलेली चार दृश्यं, उंची, कानाची ठेवण, उभं राहायची ढब. कान फसवत नाहीत. दाढीत सगळं लपतं, कान लपत नाहीत.

जोड्याही पक्क्या केल्या. बेंजामिन–डॉर्कस, केलेब–रूथ, डॅनियल–मार्था, इफ्रेम–लायझा, फ्रँक–सेरा, गिडियन–अॅलिस. शिवाय नावांचा एक गुंता आहे. श्रेयनामावलीत ज्युली न्यूमार ही ज्युली न्यूमेयर आहे, रूटा ली ही रूटा किलमोनिस आहे. पुढे दोघींनी नावं आटोपशीर केली. म्हणजे 'न्यूमार' अशी सही असेल तर ती चित्रीकरणाच्या दिवसांतली नव्हे, नंतरची. त्यात वावगं काही नाही, पण विकणारा 'सेटवर सही केलेला' म्हणत असेल तर त्याला नमस्कार करून पुढे जायचं. पुरुषांचंही तेच. जेफ रिचर्ड्स जन्माने रिचर्ड मॅन्सफील्ड टेलर, मार्क प्लॅट रशियन बॅलेच्या कंपनीत असताना मार्क प्लॅटॉफ. जेन पॉवेलचं खरं नाव सुझॅन बर्स. स्टुडिओने बारसं केलेल्या नावाने लोक जन्मभर सह्या करत राहिले.

3 ऑगस्ट

हवेत पाणी. कपाटाचं दार उघडलं की बुरशीचा वास. पुण्याचा पावसाळा फोटोंना मानवत नाही. कागद फुगतो, एकमेकांना चिकटलेले फोटो सोडवताना वरचा चकचकीत थर सोलून निघतो आणि त्याबरोबर सहीही जाते.

आजचं काम : सगळे पीव्हीसीचे कव्हर फेकले. तेच ते, स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे, उघडल्यावर नव्या रेनकोटचा वास येणारे. त्या प्लॅस्टिकमधून निघणारा अंश काही वर्षांत शाई ओढून घेतो. त्याऐवजी पॉलिएस्टरचे पाऊच आणि मागे आम्लरहित कागद. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल. ते जेल ओलावा धरून रंग बदलतं, तव्यावर मंद आचेवर परतलं की पुन्हा कामाला तयार. "आज काय भाजतेस?" असं विचारत हे स्वयंपाकघरात डोकावले आणि परत गेले.

भिंतीवर एकही फोटो लावायचा नाही. उन्हाने फेल्टपेनाची सही पाहता पाहता विटते.

17 ऑगस्ट

कील आला. पॉवेलही. दोन्ही एकाच विक्रेत्याकडून, न्यू जर्सीतल्या भाचीच्या पत्त्यावर. ती म्हणाली, "मावशी, पोस्टमनला वाटतंय मी लपून लग्नाची स्थळं मागवतेय."

दोन्ही फोटो आठ बाय दहा इंची, दोन्हींवर काळा मार्कर. शार्पी नावाचा हा मार्कर बाजारात आला 1964 मध्ये. म्हणजे सही त्यानंतरची, हे उघड आहे आणि विक्रेत्याने तसंच सांगितलं होतं. कागद मागून गुळगुळीत, प्लॅस्टिकचा थर दिलेला, म्हणजे फोटोची प्रतही नंतरच काढलेली. पैसे त्या हिशोबाने दिले. तक्रार नाही.

कीलच्या फोटोवर कोणा अनोळखी माणसाचं नाव घालून शुभेच्छा आहेत. संग्राहक असल्या फोटोंना नाकं मुरडतात आणि किंमत पडते. मला मात्र हेच जास्त विश्वासाचे वाटतात. खोटी सही करणारा नुसती सही करून मोकळा होतो. ओळभर मजकूर त्याच हातवळणात लिहायचा म्हणजे त्याला घाम फुटतो.

1 सप्टेंबर

बँकेच्या नोकरीत शिकलेली विद्या आज कामी आली.

एका ऑनलाइन लिलावात सहा जणांच्या सह्यांचा गठ्ठा आला आहे. भाव बरा. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. वर्णनात 'सर्व सह्या चित्रीकरणाच्या काळातल्या'. मोठे फोटो मागवून घेतले आणि टेबलावर पसरले.

काउंटरवर तीस-बत्तीस वर्षं स्पेसिमन कार्डाशी चेकवरची सही ताडण्यात गेली. नवख्यांना वाटतं, सही तंतोतंत जुळली पाहिजे. तंतोतंत जुळली तर आधी शंका घ्यायची! कोणीही माणूस दोनदा हुबेहूब तीच सही करू शकत नाही. हुबेहूब म्हणजे काचेखाली ठेवून गिरवलेली, किंवा हॉलिवूडच्या बाबतीत ऑटोपेनने, म्हणजे सही करणाऱ्या यंत्राने काढलेली. पाहायचं ते वेगळंच. हात कुठे थबकला, पेन कुठे उचललं, शेवटचा फराटा सुटत जाताना बारीक होतो की बोथट थांबतो. खरी सही वेगाने येते. खोटी चित्रासारखी काढली जाते, म्हणून तिच्यात रेषेची जाडी शेवटपर्यंत सारखी.

या गठ्ठ्यात सहा वेगवेगळ्या माणसांच्या सह्या एकाच कलाने झुकलेल्या आणि सहाही फोटोंवर उजव्या खालच्या कोपऱ्यात. सहा माणसं एका शिस्तीत कधी वागतात का? त्यातही काहींवर सही चेहऱ्याच्या कडेने वळसा घेऊन गेलेली, जणू आधी जागा आखून ठेवली होती.

घेतला नाही.

एक गोष्ट मात्र न्यायाने लिहायला हवी. जुन्या काळी प्रत्येक 'खोटी' सही फसवणुकीच्या हेतूने झालेली नसे. स्टुडिओकडे चाहत्यांच्या पत्रांच्या थैल्या येत, आणि नटाच्या नावाने सही करायला सेक्रेटरी बसवलेल्या असत. शिवाय सहीसकट छापलेली फोटो-पोस्टकार्डंही पाठवली जात. त्या पोरींनी नेमून दिलेलं काम केलं. घोळ होतो तो सत्तर वर्षांनी, कोणी ते खरं म्हणून विकायला काढतो तेव्हा. छापील सही भिंगाखाली लगेच कळते. शाईची सही तिरप्या उजेडात वेगळी चमकते, फोटोच्या चकाकीत मिसळून जात नाही. बॉलपेनने केली असेल तर मागून बोट फिरवलं की वळ लागतो.

9 सप्टेंबर

गणपतीत पाहुणे. तरी रात्री सगळे झोपल्यावर एक प्रयोग केला.

नोटा तपासायचा छोटा निळा दिवा माझ्याकडे आहे. अंधारात तो फोटोच्या पाठीवर धरायचा. साधारण 1950च्या दशकाच्या मध्यापासून फोटोच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं येऊ लागली. ती या उजेडात निळसर-पांढरी उजळतात. त्याआधीचा कागद मंद, मळकट राहतो. म्हणजे 'अस्सल जुनी प्रत' म्हणून घेतलेला फोटो दिव्याखाली ट्यूबलाइटसारखा पेटला तर ती प्रत नंतरची. उलट, पेटला नाही म्हणून सही खरी ठरत नाही. जुन्या कागदावर नवी सही आजही करता येते. दिवा कागदाची साक्ष देतो, हाताची नाही.

माझ्या जुन्या फायलीतला एक 'जुना' फोटो पेटला. असो. तो या प्रकल्पातला नव्हे.

28 सप्टेंबर

टॉमी रॉल (फ्रँक) मिळाला. सही 'किस मी केट'च्या (1953) फोटोवर, आमच्या चित्रपटातल्या नव्हे. नियमात 'शक्यतो' हा शब्द घातला होता, त्याचं आता बरं वाटतं. त्या चित्रपटातही नायक हॉवर्ड कीलच. रॉलला नाचताना पाहिलं की कळतं, हा माणूस जीन केलीच्या तोडीचा होता, फक्त त्याच्या नावावर चित्रपट कोणी लिहिला नाही. 2020 मध्ये गेला.

त्याच विक्रेत्याकडे मार्क प्लॅट (डॅनियल) होता. शंभरी पुरी करून 2014 मध्ये गेलेला माणूस. एक गंमत हाताशी लागली. ब्रॉडवेवर 'ओक्लाहोमा!' पहिल्यांदा आलं 1943 मध्ये, तेव्हा स्वप्नातल्या बॅलेमधला नायक कर्ली नाचला होता तो प्लॅट. आणि 1947 मध्ये लंडनला तेच नाटक गेलं तेव्हा कर्ली गायला तो कील. एक कर्ली पायांचा, एक गळ्याचा, आणि इथे दोघे सख्खे भाऊ. अल्बममध्ये हे टिपण बारीक अक्षरात प्लॅटच्या फोटोमागे ठेवणार.

13 ऑक्टोबर

मॅट मॅटॉक्स (केलेब). हा चित्रपटांतून बाहेर पडून जॅझ नृत्याचा मोठा गुरू झाला, उत्तरायुष्य फ्रान्समध्ये गेलं, 2013 मध्ये तिथेच वारला. त्यामुळे त्याच्या सह्या हॉलिवूडच्या बाजारात शोधून उपयोग नाही, नृत्यशाळांच्या जुन्या कागदपत्रांत शोधायच्या. हा फोटोही वर्गात शिकवतानाचा आहे. घेतला.

लाकूड फोडत झुरणाऱ्या भावांच्या गाण्यात केलेबचा आवाज मॅटॉक्सचा नाही, बिल लीचा आहे. तोच बिल ली, ज्याने 'द साउंड ऑफ म्युझिक'मध्ये क्रिस्टोफर प्लमरच्या तोंडचं गाणं गायलं. नवऱ्या मुलींपैकी काहींनाही दुसऱ्यांनी गळा दिला. मग 'संगीतपटातल्या कलावंतांचा' संच म्हणायचं आणि बिल लीची सही नाही, हे बरोबर का? पार्श्वगायकाला आपल्याकडे नटाइतकाच मान. तिथे त्याचं नावही पडद्यावर नाही. बिल लीसाठी शेवटी एक पान कोरं ठेवते. पंधरावा.

4 नोव्हेंबर

दिवाळीत भाचीच्या ओळखीचं कुटुंब पुण्याला आलं. त्यांच्या बॅगेतून, चॉकलेटांच्या दोन पाकिटांमध्ये पुठ्ठ्यात बांधून, तीन फोटो आले. टपालापेक्षा ही वाट मला जास्त भरवशाची वाटते. पुठ्ठा वाकत नाही आणि कोणी वर शिक्का मारत नाही.

ज्युली न्यूमारचे फोटो पोत्याने मिळतात, पण ते सगळे 1966च्या 'बॅटमॅन' मालिकेतल्या कॅटवुमनचे. काळा घट्ट पोशाख, मांजरीचे कान. डॉर्कसच्या वेषातला सही केलेला फोटो शोधायला भाचीने महिने घातले. आला आहे. झगा गोधडीचाच.

रूटा लीचा आहे. ही बाई 1964 मध्ये सोव्हिएत संघात अडकलेल्या आपल्या आजीला सोडवण्यासाठी थेट सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना फोन लावायला निघाली होती, आणि आजी अमेरिकेत आली! चित्रपटात केलेब तिला पळवून नेतो. खऱ्या आयुष्यात हिला कोण पळवणार.

तिसरा जाक दाम्ब्वाज. नृत्यदिग्दर्शक बॅलंचिनच्या न्यूयॉर्क सिटी बॅलेमधून खास रजा काढून आला होता, वय जेमतेम एकोणीस. पुढे 1976 मध्ये शाळकरी मुलांना नाच शिकवणारी नॅशनल डान्स इन्स्टिट्यूट त्याने काढली. फोटोवरची सही म्हातारपणातली, थोडी थरथरती. थरथर पाहून शंका आली नाही. बँकेत पेन्शनरांच्या सह्या पाहिलेल्या डोळ्यांना म्हातारी थरथर आणि भेदरलेली थरथर वेगळी कळते. म्हातारी सही हलते पण थांबत नाही.

24 नोव्हेंबर

व्हर्जिनिया गिब्सन (लायझा). 'हॅपी हंटिंग' या ब्रॉडवेच्या नाटकासाठी टोनी पुरस्काराचं नामांकन मिळालेली, दूरचित्रवाणीवर दिसलेली, त्यामुळे मागच्या रांगेतल्या मुलींत हिच्याच सह्या त्यातल्या त्यात सापडतात. फोटो लहान, पोस्टकार्डाच्या आकाराचा. निळी शाई, पेन दौतीचं. दिव्याखाली कागद मंदच राहिला. संचातली सर्वांत जुनी सही बहुधा हीच. आणि सर्वांत स्वस्तही.

30 डिसेंबर

रस टॅम्ब्लिन आज नव्वद वर्षांचा झाला. सात भावांतला शेंडेफळ गिडियन. 'वेस्ट साइड स्टोरी'मधला रिफ म्हणून जग त्याला ओळखतं, त्यामुळे त्याच्या सह्या मुबलक. या वर्षीच त्याचं आत्मचरित्रही आलं. फोटो गेल्याच आठवड्यात पोचला. त्याच्यासाठी घाई नव्हती, म्हणून मुद्दाम शेवटी मागवला.

आपल्याकडचा गिडियन म्हणजे 'सत्ते पे सत्ता'तला शनी, सचिन पिळगांवकर. त्यांनीच पुढे मराठीत 'आम्ही सातपुते' काढला. भाची विचारते, "मावशी, मग हिंदीतल्या सातांचा वेगळा अल्बम का नाही?" मोह आहे. पण एक लग्नघर आवरल्याशिवाय दुसरं काढायचं नाही.

12 जानेवारी 2025

हिशोब. जेफ रिचर्ड्स, नॉर्मा डॉगेट, बेटी कार, नॅन्सी किलगस ही पानं कोरी. म्हणजे सातपैकी तीनच जोड्या पुऱ्या झाल्या : अॅडम–मिली, केलेब–रूथ, इफ्रेम–लायझा. बाकी चार पानांवर एकेकटे.

रिचर्ड्सचं कारण समजतं. साठच्या दशकातच पडदा सोडला, 1989 मध्ये गेला. जुन्या नटांना टेबलामागे बसवून रांगा लावायच्या मेळ्यांचा धंदा फोफावला तो त्यानंतर. ज्या माणसाला नाचता येत नव्हतं म्हणून किडने मागे बसवला, तोच आता अल्बममध्ये सर्वांत जास्त वाट पाहायला लावतो आहे, आणि न्यूमार पुन्हा त्याच्यामुळे एकटी!

काल एका विक्रेत्याने रिचर्ड्सची सही असलेलं वहीचं पान देऊ केलं. गुलाबी कागद, शिसपेन्सिल, सही पाहता क्षणी पटली. सोबत बेंजामिनचा सही नसलेला फोटोही फुकट देतो म्हणाला, दोन्ही एका चौकटीत लावून. नियम क्रमांक एक. हे म्हणाले, "नियम तूच केलास, तूच बदल." बँकेत असं बोलणारे ग्राहक फार येत.

विक्रेत्याला नाही कळवलं आणि विचारलं, ही वही ज्या घरातून आली तिथे त्या मुलीने फोटोही जमवले होते का? वहीत सह्या घेणारी पोरगी फोटोंसाठी स्टुडिओला पत्रं लिहीत असणारच. उत्तर आज सकाळी आलं : एक खोकं आहे, अजून उघडलेलं नाही, महिनाअखेरीस यादी पाठवतो. तोवर डॉगेटच्या कानांची ओळखपत्रं पुन्हा नीट करून ठेवायची आहेत. सध्याच्या दृश्यात तिचा एक कान टोपीत आहे.